बातमी पोटापाशीच का थांबते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण ‘गरोदर बाबा’ हा लेख छापलात. अर्धं पान फोटोनंच व्यापलेलं, दाढीवाला माणूस आणि त्याचं पुढं आलेलं पोट. खाली ओळ, ‘निसर्गाचा चमत्कार’. माझी सगळी नोकरी मिरजेत प्रसूती विभागात परिचारिका म्हणून झाली. चमत्कार म्हणावं असं त्यात मला तरी काही दिसलं नाही. ट्रान्स पुरुष म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, पण स्वतःला पुरुष मानणारा माणूस. त्याची गर्भपिशवी आणि बीजांडकोश शाबूत असतील, तर दिवस राहू शकतात; मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकाचं औषध आधी थांबवायचं. पुढं सगळं तेच. लोहाच्या गोळ्या, रक्तदाब, सोनोग्राफी, पायावर सूज आहे का ते बघणं.

केरळातल्या कोझिकोडच्या जहाद आणि जिया यांची हकिगत लेखात आहे, पण अर्धीच. जहाद ट्रान्स पुरुष, जिया ट्रान्स स्त्री. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात सिझेरियन होऊन त्यांना बाळ झालं. इथं आपला लेख संपला. अहो, बाळंतपण झालं की घरच्यांचं काम सुरू होतं! जहाद यांची स्तन काढण्याची शस्त्रक्रिया आधीच झाली होती. मग बाळाला दूध कुठलं? तर त्याच मेडिकल कॉलेजच्या दूधपेढीतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं. माझ्या दृष्टीनं खरी बातमी ही. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये आपल्या मुंबईत, सायनच्या रुग्णालयात निघाली. एवढा धागा हाताशी असताना तो कुणी ओढला नाही. आई दगावलेल्या किंवा अंगावर दूध नसलेल्या कितीतरी घरांना ती माहिती उपयोगी पडली असती.

दुसरी सुटलेली गोष्ट जन्मदाखल्याची. महापालिकेनं दाखल्यावर जहाद यांना आई आणि जिया यांना वडील लिहिलं. घरात मात्र जहाद बाप आहेत आणि जिया आई. दोघांनी मागितलं एवढंच, की आमच्या नावापुढं ‘पालक’ लिहा. ते मिळालं नाही म्हणून केरळ उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २ जून २०२५ रोजी निकाल त्यांच्या बाजूनं लागला. शाळेत नाव घालायला गेल्यावर दाखल्यातली एक चूक किती हेलपाटे घालायला लावते, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. बाळ व्हायच्या आधी त्या जोडप्याचे फोटो महिनाभर जिथं तिथं दिसत होते. निकालाची बातमी मला आतल्या पानावर, तीही शोधल्यावर सापडली.

इंग्लंडमध्ये याच्या उलट झालं. फ्रेडी मॅकॉनेल हे ट्रान्स पुरुष स्वतः पत्रकार. कायद्यानं ते पुरुष, तरी जन्म देणारी व्यक्ती नोंदीत ‘आई’च राहील, असं तिथल्या अपील न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. दोन देश, दोन निकाल. कुणाचं बरोबर, यावर आपल्या पानावर चांगली चर्चा झाली असती. मला केरळचा निकाल पटतो. कुणाला इंग्लंडचा पटेल. पण वाद घालायला निदान माहिती तरी हवी.

हे खूळ आजचं नाही म्हणा. २००८ मध्ये अमेरिकेतले थॉमस बीटी टीव्हीवर आले, तेव्हापासून तेच उघडं पोट आणि तोच ‘जगातला पहिला’ असा डांगोरा. त्यांच्या आधीही ट्रान्स पुरुषांना मुलं झाली होती. ‘पहिला’ म्हटलं की पुढं काही विचारायची गरज उरत नाही, हे तुम्हा पत्रकार मंडळींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आपल्या सांगली जिल्ह्यात याचा परिणाम वेगळाच होतो. जतच्या यल्लम्माच्या यात्रेत जोगते पाहिलेली आपण माणसं. ट्रान्स म्हटलं की डोळ्यापुढं साडी नेसलेलं कुणीतरी येतं. ट्रान्स पुरुष असतो, तो बँकेत, कारखान्यात नोकरी करतो, भाड्यानं खोली शोधतो, हे कुठं छापूनच येत नाही. तो पेपरात येतो तो थेट पोटुशी असल्यावर. उद्या असा कुणी दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांच्या रांगेत तपासणीला उभा राहिला तर? बाळंतिणींच्या वॉर्डांवर ‘पुरुषांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते. ती योग्यच आहे, आतल्या बायांना आडोसा लागतो. पण केसपेपर काढणाऱ्या बाईनं त्याला कुठं पाठवायचं? कुठल्या खाटेवर ठेवायचं? आपल्या वार्ताहरानं हा प्रश्न एखाद्या सरकारी रुग्णालयात विचारून पाहावा. उत्तर काहीही आलं तरी बातमी होईल.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिलं ते. ‘टेस्टोस्टेरॉन चालू असेपर्यंत गर्भ राहण्याची भीती नाही,’ असं एक वाक्य लेखात आहे. ते साफ चुकीचं आहे. या औषधानं पाळी बहुधा थांबते, पण ते गर्भनिरोधक नाही. पाळी नसतानाही दिवस राहू शकतात, आणि औषध चालू राहिलं तर गर्भाला अपाय होऊ शकतो. एखाद्या गावातला मुलगा, ज्याला घरीही विचारता येत नाही आणि डॉक्टरलाही, तो आपल्या पेपरवर विसंबून राहील आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात त्याच्या लक्षात येईल. त्याला मूल नको असेल तर गर्भपाताचा कायदा त्यालाही लागू आहे. त्या कायद्यातल्या ‘स्त्री’ या शब्दात अशा व्यक्तीही येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे. पण त्यालाही आठवड्यांची मर्यादा असते.

ही दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पुरवणीत, ठळक छापावी. ‘चूकभूल’ची बारीक चौकट नको. छापण्याआधी मिरजेतल्या कुणाही स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवून घ्या. इथं त्यांची वानवा नाही.

कळावे,
एक निवृत्त परिचारिका, मिरज