‘काय्र आणि ऊज्रा’: नववीच्या वर्गशिक्षक मित्रास पत्र

कोल्हापूर

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, उत्तरपत्रिकेचे फोटोही नीट पाहिले. नववी ब तुझ्याकडे आली हे त्या दोन्ही मुलांच्या, म्हणजे लिहिण्या-वाचण्यात अडणाऱ्या मुलाच्या आणि श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीच्या, दृष्टीनं फार चांगलं झालं. आधी मुलाबद्दल लिहितो, कारण त्याचा पेपरच बरंच काही सांगतो.

प्रश्न आहे, कार्य म्हणजे काय? त्यानं लिहिलंय, ‘बल लावल्यावर वसतु सरकली तर काय्र होते. भिंत ढकलली तर काय्र शुन्य.’ विज्ञान म्हणून उत्तर बरोबर आहे, उदाहरणासकट. गुण मात्र दोनपैकी अर्धा आणि वर चार लाल गोल. गड्या, पोराला धडा कळलाय, अडलंय ते लिपीत. त्याला काय येतं आणि त्याला काय लिहिता येतं, या दोन गोष्टी वर्षभर वेगवेगळ्या तपासायच्या. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

त्याच्या चुका आळसाच्या नाहीत. रफार उच्चारात आधी येतो आणि कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. पहिली वेलांटी उलट, दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. ज्याच्या डोक्यात ध्वनी आणि खूण यांची जोडी घट्ट बसलेली नाही, तो नेमका इथंच घसरतो. शिवाय ध-घ, भ-म, थ-य या जोड्या आहेतच. मराठी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते, त्यामुळं असं मूल चौथी-पाचवीपर्यंत हळू पण बरोबर वाचायला लागतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आठवी-नववीत मजकूर वाढतो, तेव्हा तो हळूपणा प्रत्येक विषयात आडवा येतो, आणि इंग्रजी तर पार बसते.

आता तपासणी. त्यानं न वाचलेला दीडदोनशे शब्दांचा उतारा घे, मोबाईलवर एक मिनिट लाव, बरोबर वाचलेले शब्द मोज. असे तीन उतारे घेऊन मधला आकडा धर. तेच उतारे वर्गातल्या तीन मध्यम मुलांकडून वाचून घे, म्हणजे तुलना तुझ्याच वर्गाशी होईल. मग एक उतारा त्याला स्वतः वाचू दे आणि पाच प्रश्न विचार. तेवढाच अवघड दुसरा उतारा तू वाचून दाखव आणि तोंडी पाच प्रश्न विचार. ऐकून चार येतात आणि वाचून एकच, असं झालं तर गाठ वाचनात आहे. दोन्हीकडं एकच येत असेल तर भाषा, आकलन किंवा बौद्धिक क्षमतेची बाजू पाहायला हवी, आणि ते काम तज्ज्ञाचं. हे सगळं त्याला एकट्याला बसवून कर. वर्गासमोर मोठ्यानं वाचायला लावलंस तर आकडा भीतीचा येईल, वाचनाचा नव्हे.

पण त्याआधी डोळे आणि कान तपासून घे. शाळेच्या दाखल्यावरच्या तारखाही बघ. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर फिरणारी मुलं अर्धं वर्ष वर्गाबाहेर असतात. शिरोळ-गडहिंग्लजकडं घरात कन्नड बोलणारी मुलं असतात. त्यांचं मागं पडणं खरं असतं, पण ती अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणं) नसते, आणि त्यावरचा उपाय वेगळा असतो.

रफारासाठी रोज दहा मिनिटं पुरेत. आठवड्याला पाचच शब्द आणि तेही चालू धड्यातले: कार्य, ऊर्जा, घर्षण, आकर्षण, परावर्तन. पुठ्ठ्याचे तुकडे कर. एकावर ‘का’, दुसऱ्यावर ‘र्’, तिसऱ्यावर ‘य’. त्यानं मोठ्यानं ‘कार्… य’ म्हणायचं आणि ‘र्’चा तुकडा हातानं उचलून ‘य’च्या डोक्यावर ठेवायचा. मग न बघता लिहायचं. दुसऱ्या आठवड्यात समोरासमोर ‘क्रिया, प्रकाश, चक्र’ ठेव, कारण रफार आणि रकार यांचीच सरमिसळ होतेय. पहिला गट पक्का झाल्याशिवाय हे करू नकोस, नाहीतर गोंधळ दुप्पट होईल. आणि चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायला लावणं बंदच कर. तो पन्नास वेळा ‘काय्र’ लिहील आणि तेच हातात बसेल.

वर्गात पहिली गोष्ट, फळ्यावरून उतरवून घेणं थांबव. बाकीची मुलं एका नजरेत अख्खं वाक्य उचलतात, तो एकदोन अक्षरं उचलतो, आणि तेवढ्यात तुझं बोलणं पुढं गेलेलं असतं. टिपणाची झेरॉक्स दे. चौदा-सोळा पॉइंटचा टाइप, ओळींत दीडपट अंतर, एका पानावर एकच मुद्दा. धडा सुरू करण्याआधी त्यातले पाच अवघड शब्द वाचून घे. गणिताला चौकटीची वही दे, एका चौकटीत एकच अंक. ‘त्रेपन्न’ ऐकून तो ३५ लिहितो असं लिहिलंयस. बोलताना तीन आधी येतो, म्हणून हे होतं. ‘पन्नास तीन’ असं सांगून बघ. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आणलेली हीच रीत आहे, नववीतल्या मुलाला वापरायला काही हरकत नाही. रंगीत प्लॅस्टिकचे कागद पानावर ठेवून वाचन सुधारतं असं कुणी सांगितलं तर पालकांना पैसे घालू देऊ नकोस, त्यानं वाचन सुधारत नाही.

तपासताना आशयाचे गुण आधी दे. शुद्धलेखनाचे गुण भाषेच्या पेपरात, जिथं ते मुद्दाम ठेवलेत तिथंच काप.

आता परीक्षेच्या सवलती. जादा वेळ ताशी २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. त्याला जादा वेळ पुरेल की लेखनिक लागेल, हे आधी ठरव. पाच मिनिटं त्याला एखादं उत्तर लिहू दे, मग तशाच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बोलून मोबाईलवर रेकॉर्ड कर. लिहिलेलं थोडं पण मुद्देसूद असेल तर वेळ पुरे. बोललेल्यात पाच मुद्दे आणि लिहिलेल्यात दोनच असतील तर लेखनिक लागणार. लेखनिक निदान एक इयत्ता खालचा असावा लागतो, म्हणजे दहावीला नववीचा किंवा त्याखालचा. इथं सगळ्यात जास्त गडबड होते ती अशी: बोर्डाच्या पहिल्याच पेपरला अनोळखी मुलगा शेजारी येऊन बसतो आणि आपल्या पोरानं जन्मात कधी उत्तर सांगून लिहून घेतलेलं नसतं. सांगणं हेही शिकावं लागतं. आधी मुद्दे मनात जुळवायचे, मग वाक्य पूर्ण सांगायचं, ‘नवा परिच्छेद’, ‘खाली रेघ मार’ हे म्हणायचं, शेवटी वाचून घ्यायचं. म्हणून यंदाच्या प्रत्येक घटक चाचणीला हे कर. जादा वेळही तेव्हापासूनच दे, कारण बाकीची मुलं उठली की तोही उठतो. बसून राहायची सवय लागायला हवी.

या सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून कागदपत्रांना आत्ताच हात घाल. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरायचा आणि मग रुग्णालयात तपासणी. आपल्याला सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) जवळ, पण अध्ययन अक्षमतेची चाचणी कुठल्या वारी आणि कुणाकडं होते हे आधी विचारून मगच पाठव, त्याच्या वडिलांचा दिवसाचा रोजगार बुडतो. ही चाचणी एका बैठकीत संपेलच असं नाही. सोबत वह्या, जुनी प्रगतिपत्रकं आणि तू केलेल्या वाचनाच्या नोंदी दे. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी अक्षर न अक्षर जुळतेय का बघ, बहुतेक अर्ज इथंच अडकतात. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर आणि पुन्हा १४ व्या व १८ व्या वर्षी असं सांगितलं होतं, २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या, तेव्हा जुना कागद असेल तर तारीख बघ. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडं जातो. दहावीचा फॉर्म भरताना धावपळ करून हे जमत नाही. गणित किंवा भाषेऐवजी दुसरा विषय घ्यायची सवलत कुणी सुचवली तर लगेच हो म्हणू नकोस. पुढं त्याला काय शिकायचंय आणि त्या अभ्यासक्रमाला गणित लागतं का, हे आधी घरच्यांबरोबर बसून बघा.

आता ती श्रवणयंत्रवाली मुलगी. यंत्र एकदोन मीटरपर्यंत नीट साथ देतं, त्यापुढं पंखा, बाकांची खरखर सगळं एकसारखं मोठं होतं. तिला दुसऱ्या बाकावर अशी बसव की बरा कान तुझ्याकडं येईल आणि तुझं तोंड दिसेल. फळ्याकडं वळून बोलू नकोस. मागच्या बाकावरच्या मुलानं उत्तर दिलं की तू ते पुन्हा म्हण. कानामागच्या यंत्राला बहुधा १३ नंबरचा, नारिंगी स्टिकरचा सेल लागतो, किंवा ६७५ चा, निळ्या स्टिकरचा. एक पाकीट तुझ्या कपाटात ठेव. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून सेल घालायचा. एकदा काढलेला स्टिकर परत लावून सेल वाचत नाही. तुमच्याकडचा पाऊस माहीत आहेच. जून ते सप्टेंबर रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला तिच्या आईला सांग. नळीत पाण्याचे थेंब जमले की आवाज तुटतो आणि आपण म्हणतो, पोरगी लक्ष देत नाही. तिची नोंद यू-डायसवर (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर) झालीय का तेही बघ. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून विशेष गरजा असलेल्या मुलींना दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिने भत्ता असतो. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दोघांसाठी एकदमच बोलावून घे.

घरच्यांशी बोलताना मुलाचा पेपर समोर ठेव आणि ‘भिंत ढकलली तर कार्य शून्य’ हे वाक्य आधी वाचून दाखव. त्यांनी आजवर शाळेतून तक्रारच ऐकलीय. पोराला विषय येतो हे मास्तरांच्या तोंडून ऐकलं की मग चाचणी, सीपीआर, प्रमाणपत्र हे शब्द त्यांना पेलतात. ‘दिव्यांग’ शब्दाला वडील बिचकतील. हा कागद फक्त परीक्षेतल्या वेळेसाठी आणि लेखनिकासाठी वापरायचा की आणखी कुठं, ते त्यांच्या हातात आहे, हे स्पष्ट सांग.

वाचनाचे तिन्ही आकडे आणि ते रेकॉर्डिंग मला पाठव. लेखनिकासाठी आठवीतला एखादा शांत, स्वच्छ अक्षराचा मुलगा हेरून ठेव, पुढच्या वर्षी तो नववीत असेल आणि वर्षभराची सवय झालेली असेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुभाष