बंदूक नवी करायला दिली नव्हती

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(जुनी शस्त्रे : दुरुस्ती व जतन)

विषय : ठासणीच्या एन्फिल्ड बंदुकीच्या कामातील गंभीर त्रुटी, काढून घेतलेले मूळ भाग व रक्कम परत मिळणे याबाबत.

महोदय,

माझ्या माहेरच्या वाड्यातली आणि वडिलांच्या पश्चात वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आलेली ठासणीची टोपीदार बंदूक (दारू-गोळी तोंडाकडून ठासायची, मागे निपलवर बसवलेल्या स्फोटक टोपीने पेटायची, अशी) आपल्या कारखान्याने ‘मूळ स्थितीत’ आणून देण्यासाठी स्वीकारली आणि ३८,५०० रुपये घेऊन परत पाठवली. खोक्यातून जी वस्तू निघाली ती चकचकीत आहे, याबद्दल वाद नाही. मंगल कार्यालयाच्या दारात फेटेवाल्या पुतळ्याच्या हाती द्यावी तशी दिसते. आपल्या प्रतिनिधींना फोन केला, तर “मॅडम, पहले से तो कितनी अच्छी लग रही है” यापलीकडे उत्तर मिळाले नाही. म्हणून हे लेखी.

आपल्या बिलावर ‘१८५३ पॅटर्न एन्फिल्ड रायफल’ असे छापले आहे. ही रायफल नाही, हे बंदुकीसोबत दिलेल्या टिपणात मी पहिल्याच ओळीत लिहिले होते. १८५३ च्या एन्फिल्डची नळी .५७७ इंचाची, आतून तीन आट्यांची, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या तीन पिळदार खाचांची. हिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ ची ठिणगी पडली, आणि त्या जूनमध्ये आमच्या ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीतल्या काँटिंजंट पलटणीही (संस्थानाच्या खर्चाने ठेवलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या) उठल्या. हे सगळे शमल्यावर इंग्रजांनी धडा घेतला तो असा, की हिंदी शिपायाच्या हाती लांबवर अचूक मारणारे हत्यार द्यायचे नाही. त्यातून १८५८ आणि १८५९ चे नमुने निघाले. बाहेरून तीच एन्फिल्ड, तीच ३९ इंची नळी, त्याच तीन कड्या. आतून मात्र आटे नाहीत, सुमारे .६५ इंचाची गुळगुळीत नळी. लांबचा नेम धरायला मागे उभी करायची शिडीची दर्शिकाही नाही, तिच्या जागी खाच पाडलेला लोखंडाचा एक साधा ठोकळा. नेमच लांबचा नाही, तर शिडी हवी कशाला?

आमची बंदूक या जातीची. खटक्याच्या पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ ही अक्षरे आणि १८६० हे साल. ग्वाल्हेरात जुन्या घरांतून असे काहीबाही निघतच असते, पण या बंदुकीत मला मोलाचा वाटायचा तो हा ठोकळा. राज्यकर्त्यांनी आपल्याच फौजेवर दाखवलेला अविश्वास त्यात लोखंडात बसवलेला होता.

आपल्या कारागिरांनी नेमका तोच ठोकळा डाख सोडवून काढला आणि त्या जागी ९०० यार्डांपर्यंतच्या रेघा असलेली नवी दर्शिका डाखली. शंभरेक यार्डांपलीकडे जिचा भरवसा नाही अशा गुळगुळीत नळीवर ९०० यार्डांची शिडी! बिलात याला ‘गहाळ भाग बसवणे’ म्हटले आहे आणि त्याचे नऊ हजार वेगळे लावले आहेत. गहाळ काहीच नव्हते. जे होते ते आपण गहाळ केले. नळीत एकदा टॉर्च मारून पाहिले असते तरी आटे नाहीत हे कळले असते.

बंदूक वाईट अवस्थेत होती हे मला ठाऊक आहे, म्हणून तर पाठवली. बरीच वर्षे ती माळ्यावर पडून होती, वाड्याला रंग देताना उडालेला ऑइलपेंट तिच्या दस्त्यावर होता, मधली कडी गंजून धरली होती, खटक्याजवळ लाकडाला चीर गेली होती. दसऱ्याच्या शस्त्रपूजेचे हळदकुंकू फटींतून दगडासारखे बसले होते. ते निघाले याबद्दल माझी तक्रार नाही. टिपणात काम स्पष्ट सांगितले होते. नखाने सुटणारा लाल गंज तेल आणि बारीक स्टील वूल लावून काढावा, त्याखालचा काळपट घट्ट थर राहू द्यावा. रंग उतरवावा, कडी मोकळी करावी, चीर सांधावी, लाकडाला जवसाचे तेल द्यावे. पॉलिश पेपर आणि बफ लावू नये. ही शेवटची सूचना मी अधोरेखित केली होती आणि तिच्याखाली आपल्या माणसाची पोच म्हणून सही आहे.

तरीही कुंद्यामागच्या पितळी पट्टीला बफ लागला. या पट्टीची जी जीभ वर लाकडावर येते, तिच्यावर पलटणीची खूण ठोकण्याची पद्धत होती. आमच्या बंदुकीवर ती अर्धवट वाचता येत होती. वडिलांनी तिच्यावर कागद धरून पेन्सिल घासून उतरवलेला एक छाप माझ्याकडे आहे, पण त्यात दोन अक्षरे लागत नाहीत. ती धातूवर तिरपा उजेड टाकून कधीतरी लागली असती. आता तिथे माझा चेहरा दिसतो. ही बंदूक कोणत्या पलटणीची, हा प्रश्न आपण कायमचा मिटवून टाकलात. ‘टॉवर’ची अक्षरेही उथळ झाली आहेत आणि खटक्याच्या पट्टीच्या धारदार कडा गोल.

लाकूड अक्रोडाचे आहे. मूळ बांधणीत ते लोखंडाच्या कडेपेक्षा केसभर वर असते. आता बोट फिरवले की लोखंड वर लागते, इतके ते घासले गेले आहे. वर मेलामाइन पॉलिश, सोफ्याला देतात ते. पितळी पट्टी स्टार स्क्रूने बसवली आहे. असे स्क्रू बाजारात आले १९३० च्या दशकात.

याहून गंभीर गोष्ट नळीची आहे, कारण तिथले नुकसान अजून थांबलेले नाही. नळीला रंग देण्याची त्या काळची रीत म्हणजे तिच्यावर मुद्दाम हलका गंज चढवायचा, ती पाण्यात उकळायची, ब्रशने घासायची, आणि हवा तो रंग येईपर्यंत हेच पुन्हा. वेळखाऊ काम आहे, मान्य. आपण नळी कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या १४० अंशांच्या आसपास उकळणाऱ्या द्रावणात बुडवली. आपल्या जॉब कार्डावरच ‘हॉट ब्लूइंग’ लिहिले आहे. ही विसाव्या शतकातली पद्धत, पण तेही सोडून देऊ. मागचे बूच न उघडता नळी बुडवल्यामुळे ते क्षार बुचाच्या आट्यांत शिरून बसले. पावसाळ्याची दमट हवा लागताच बुचाच्या सांध्यातून आणि टोपीच्या निपलखालून पांढरी भुकटी बाहेर येऊ लागली. पुसली की पुन्हा येते, आणि तिच्याखाली नवा गंज धरतो आहे. माळ्यावर इतकी वर्षे जे झाले नाही ते आपल्याकडून आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सुरू झाले.

माझ्या मागण्या अशा. मूळ ठोकळा, मूळ स्क्रू आणि काढलेला प्रत्येक भाग, असेल त्या अवस्थेत, न घासता परत पाठवावा. भंगारात टाकला असल्यास तसे लेखी कळवावे. दर्शिकेचे पैसे धरून संपूर्ण रक्कम परत करावी. नळीतले क्षार काढण्याचे काम मी परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या दुसऱ्या जाणकाराकडून करून घेईन, त्याचा खर्च आपण द्यावा. ‘मोफत पुन्हा करून देतो’ हा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. बंदूक पुन्हा आपल्याकडे येणार नाही. आणि आपल्या वेबसाइटवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ म्हणून तिचे जे फोटो माझ्या परवानगीशिवाय टाकले आहेत, ते आजच काढावेत. त्या ‘आधी’च्या फोटोत ठोकळा स्वच्छ दिसतो, म्हणून त्याची प्रत मी ठेवून घेतली आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन. या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे सुनावणीसाठी आपल्याला ग्वाल्हेरला यावे लागेल.

आपली,
एक ग्राहक
लष्कर, ग्वाल्हेर

सोबत : बिल व जॉब कार्डाची प्रत, पोच सहीसह टिपण, पाठवण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो, पेन्सिल छापाची झेरॉक्स (मूळ छाप मिळणार नाही).