आजीसाठी ठेवलेली टेकडी

बेंगळुरू
26 ऑक्टोबर 2025

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर "जेवलात का, गोळ्या घेतल्या का" यापुढे आपली गाडी जात नाही, म्हणून लिहायला बसलोय. आईच्या गुडघ्यामुळे यंदा तुमचं येणं झालं नाही. दिवाळी चांगली झाली, पण घर अर्धंच भरल्यासारखं होतं.

आमच्या बाल्कनीत यंदा जिंजी उभी आहे. जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत महाराजांचे 12 किल्ले आले, तेव्हा चिऊनं विचारलं, "आपल्या घराला सगळ्यात जवळचा कुठला?" अकरा महाराष्ट्रात, आणि बारावा तामिळनाडूत, जिंजी. दसऱ्याच्या सुट्टीत गाडी काढली आणि गेलो. बाबा, तुम्हाला तो गड फार आवडेल. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या आणि तिघींना कवेत घेणारा तट. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ तिथे नाही, हत्तीएवढ्या गोल धोंड्यांची रास आहे नुसती. राजगिरीची उंची सुमारे 800 फूट. माथ्याजवळ कडा एकदम तुटतो, मध्ये खोल फट, आणि तिच्यावरून पूल टाकून आत जायचं.

चढताना चिऊला सांगत होतो की राजाराम महाराज इथूनच राज्य चालवत होते आणि गड हाती यायला मोगलांना सात-आठ वर्षं लागली. ती थांबली आणि म्हणाली, "आठ वर्षं पाणी कुठलं प्यायले मग?"

बाबा, मी तिथेच पायरीवर बसलो. हा प्रश्न तुमचा आहे.

दिवाळी म्हणजे एस.टी.च्या जादा गाड्या. तुम्हाला सुट्टी कधीच नसायची. पहाटेची ड्युटी करून दुपारी दोन-अडीचला यायचात, खाकी शर्ट खुंटीला लावायचात आणि बनियनवर अंगणात माझ्या शेजारी उकिडवे बसायचात. तास-दीड तास, त्याहून जास्त नाही, कारण झोप काढून परत रात्रीची जादा गाडी असे. पण त्या दीड तासात तुम्ही दुसरीकडे कुठेच नसायचात. चिखलात हात घालायचात तेही मी सांगितलं तरच. एकदा विचारलंत, "गडावर पाणी कुठनं येणार तुझ्या?" मी दोन दिवस त्यावर डोकं खाजवलं आणि करवंटी पुरून टाकं केलं. बुरूज ढासळला की मी रडायला लागायचो. तुम्ही तो उचलून नीट करून दिल्याचं मला एकदाही आठवत नाही. "बघ बरं, कुठनं ढासळला?" एवढंच म्हणायचात. मग दिसायचं की माती जास्त ओली होती, किंवा खालची वीटच हलत होती.

आता जे सांगतो ते सांगायला मला दोन वर्षं लागली. चिऊ सहा वर्षांची होती तेव्हा आम्ही पहिल्यांदा किल्ला केला. नव्हे, मी केला. तिचा तट वाकडा झाला म्हणून मी तिच्या हातातून माती घेतली, सरळ करून दिला. पायऱ्या मी कोरल्या, रंग मी दिला, मध्ये ऑफिसचे दोन फोन घेतले. झाल्यावर फोटो काढायला तिला हाक मारली तर ती आत जाऊन चित्र काढत बसली होती. म्हणाली, "तुझा किल्ला छान झालाय बाबा." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी तिच्यावर लक्ष ठेवून होतो, अभ्यास, दूध, झोप, सगळ्यावर. तुम्ही माझ्याकडे लक्ष द्यायचात. या दोन्हींत इतकं अंतर असतं हे मला चाळिशीत कळलं.

यंदा मी फोन आत कपाटात ठेवला आणि हात मागे बांधून बसलो. अवघड गेलं, खरंच सांगतो. नर्सरीतून दोन पोती लाल माती आणली. वाण्याकडून गोणपाट मिळालं, ते चिखलात बुडवून विटांवर पसरलं, आईच्या पद्धतीनं अळीव पेरलं. चौथ्या दिवशी राजगिरी हिरवी झाली. कड्यावरचा पूल तीनदा पडला. मी विचारलं, "कुठनं पडला?" तिनं बराच वेळ पाहिलं आणि आइसक्रीमच्या काड्या दोन्हीकडे आत खोल खुपसल्या. आता त्यावरून एकावेळी एकच मावळा जातो, आणि तसंच हवं म्हणते, शत्रूला गर्दीनं येता येऊ नये म्हणून. गडावरची तळी आणि धान्याची कोठारं तिला आठवत होती, ती तिनं सगळ्यात आधी केली. मेघना म्हणाली, तट अजून वाकडाच आहे. आहे. मी हात लावला नाही.

आई, आता तुझ्याशी बोलायचंय. पाडव्याला फोनवर चिऊनं तुला विचारलं, "आजी, तू किती किल्ले केलेस?" तू म्हणालीस, "एकही नाही गं. तेव्हा कढईसमोरून उठायला कुठं मिळायचं?" तू सहज बोललीस, पण माझ्या डोळ्यांपुढून सगळ्या दिवाळ्या सरकल्या. गोणपाट तू शोधून द्यायचीस, लाडवांसाठी आणलेल्या अळिवातली मूठ तू द्यायचीस, आमचे चिखलाचे कपडे तू धुवायचीस. आणि संध्याकाळी शंकरपाळ्यांचा घाणा उतरवून एक पणती घेऊन यायचीस, किल्ल्यावर ठेवायचीस, क्षणभर बघायचीस आणि परत आत. ये, बस, असं आम्ही दोघांपैकी कुणी तुला म्हटलं नाही. बाबांचा दीड तास मी आयुष्यभर मिरवला. त्या दीड तासामागे तुझा अख्खा दिवस होता, हे मी कधी मोजलंच नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, आई.

फोन ठेवल्यावर चिऊ बाल्कनीत गेली आणि चंद्रायणदुर्गावरचं गोणपाट तिनं काढून टाकलं. तिथे आता नुसत्या विटा आणि मातीचा ढीग आहे. ती टेकडी आजी करणार, असं तिनं ठरवलंय. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडायचा असतो हे मी तिला सांगून पाहिलं. ऐकत नाही. रोज सकाळी शाळेत जाताना त्या ढिगावर पाणी शिंपडून जाते, माती कडक होऊ नये म्हणून.

पंधरा नोव्हेंबरच्या पुढची तिकिटं बघतोय, दोघांनाही खालचेच बर्थ. जमिनीवर बसायचं नाही, ढीग टेबलावर उचलून घेतो, तू खुर्चीत बस. फराळातलं काहीही करून आणू नकोस. बाबा, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझे मातीचे मावळे असतील, रंग उडालेले असले तरी तेवढे कागदात गुंडाळून आणा.

तुमचा,
मन्या