तार मोजा, मग ऊस भरू द्या : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी कृष्णाकाठचा ऊस उत्पादक. घरचा ट्रॅक्टर आहे, हंगामात तो कारखान्याच्या ऊस वाहतुकीला असतो. माझ्या रानावरून ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाईन गेली आहे. तिच्याबद्दल आणि अशा तारांखाली दर हंगामात ट्रॉल्या भरणाऱ्या माणसांबद्दल लिहितो आहे.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, दिवस मावळायच्या सुमाराला, आमच्या बांधाला लावलेली ट्रॉली भरत आली होती. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीतला एक पंचविशीतला गडी वर उभा राहून मोळ्या लावून घेत होता. त्याची बायको डोक्यावर मोळी घेऊन फळीवर अर्ध्यात पोचली होती. त्याने हातातली मोळी फिरवली आणि वाढ्याचं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याचं टोक वर गेलं. चर्र आवाज झाला, निळा उजेड पडला आणि तो पलीकडे वाढ्यांच्या ढिगावर कोसळला. ढीग होता म्हणून वाचला. डावा हात कोपराखालून काढावा लागला. ऊस तोडताना डाव्या हाताने ऊस धरायचा असतो आणि उजव्या हाताने कोयता मारायचा असतो. तो पुन्हा तोडीला आला नाही.

आम्ही धावत जाऊन त्याला उचलत होतो, तेव्हा तार बंद झाली असणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. नंतर वायरमनने सांगितलं की फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी आमची लाईन, ट्रिप होऊन आपोआप बंद पडला होता आणि काही मिनिटांत परत चार्ज, म्हणजे चालू केला होता. उपकेंद्रातल्या ऑपरेटरला काय दिसणार? फांदी घासली की माणूस चिकटला, हे त्याला तिथे बसून कळत नाही. चार्ज करून बघणं हेच त्याचं काम. म्हणजे आम्ही पाच-सहा जण जिवंत तारेखाली उभे होतो.

ती तार खाली आली कशी, तेही सांगतो. काळं रान, वर्षभर पाटाचं पाणी. मधला पोल कलत गेला आणि दोन्ही बाजूंच्या तारांचा झोळ वाढत गेला. ऊन तापलं, मोटारींचा लोड आला की ॲल्युमिनियमची तार आणखी लांबते. त्या पोलसाठी मी दोन अर्ज दिले होते. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. साहित्य नाही, एवढंच उत्तर मिळालं. अपघातानंतर सहाव्या दिवशी नवा पोल उभा राहिला. साहित्य कुठून आलं हे मी विचारलं नाही. त्या गड्याच्या घरात तेव्हा कुणाला त्याचं काही नव्हतं.

पण महोदय, पोल सरळ असता तरी प्रश्न संपला नसता. माझं खरं म्हणणं हे आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये रस्ता सोडून इतर जागी ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेची कमीत कमी उंची ४.६ मीटर ठरवली होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षेचे नियम केले, त्यातही आकडा तोच राहिला. ४.६ मीटर म्हणजे पंधरा फूट. आमच्या ट्रॉलीतला ऊस जमिनीपासून बारा फुटांवर जातो. त्यावर माणूस उभा राहिला की नियमात बसणारी तार त्याच्या कमरेला लागते. १९५६ साली शिवारात ट्रॅक्टर शोधावा लागे. आज उसाच्या प्रत्येक फडात ट्रॉली जाते.

रस्ता ओलांडणाऱ्या ११ केव्हीच्या तारेला त्याच २०१० च्या नियमांत ६.१ मीटर, म्हणजे वीस फूट उंची सांगितली होती. मग शेतात जाणाऱ्या पाणंदीला आणि ट्रॉली भरायच्या जागेला हीच उंची लावा. पाणंद हा रस्ता आहे हे सरकारने स्वतःच मानलं आहे, २०२१ साली पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. आणि मुरूम पडून पाणंद फूटभर वर आली की तार फूटभर खाली येते, हेही कुणीतरी मोजलं पाहिजे. तार हातातल्या यंत्राने जमिनीवरूनच मोजता येते. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत ऊसपट्ट्यातली प्रत्येक लाईन मोजून उंचीचा आकडा पोलवर रंगवा. टोळीच्या मुकादमाला वाचता आला की तो ट्रॉली कुठे लावायची ते ठरवेल. बांबूने तार मोजायची वेळ आमच्यावर आणू नका.

सगळे पोल एका हंगामात बदलणार नाहीत हे मलाही कळतं. तोवर लाईन बंद करून द्या. उद्या कुणाच्या फडाला तोड आहे हे कारखान्याच्या शेती खात्याला आणि तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला आदल्या दिवशी माहीत असतं. ती यादी संध्याकाळी उपकेंद्रात गेली, तर कोणत्या फीडरवर कधी तासभर परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवायची परवानगी द्यायची ते सहज ठरेल. आज हे काम ओळखीच्या वायरमनला फोन करून होतं. तो उचलेल तर उचलेल. मोटारी बंद पडल्या म्हणजे लाईट गेली, असं टोळीतल्या माणसांना वाटतं. मोटारींचा थ्री फेज गेल्यावरही आमच्याकडे घरातल्या दिव्यांचा सिंगल फेज चालूच असतो आणि तोही तेवढाच मारतो.

आणखी एक. टोळी उतरते त्या पहिल्या दिवशी वायरमनने अर्धा तास येऊन बोलावं. ११ केव्हीची तार उघडी असते, तिच्यावर रबर नसतो. पायातली चप्पल किंवा हातातलं वाळकं लाकूड तिच्यापुढे चालत नाही. तार ट्रॅक्टरला लागली तर ड्रायव्हरने सीटवरच बसून राहायचं. ट्रॅक्टरने पेटच घेतला तर ट्रॅक्टर आणि जमीन एकाच वेळी धरायची नाही, दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची आणि पाय न उचलता सरकत दूर जायचं. तुटून पडलेली तार गप्प दिसली तरी मेलेली धरायची नाही. वाळक्या जमिनीवर ती पडली तर करंट इतका थोडा वाहतो की फीडर ट्रिपच होत नाही. हे मी वयाच्या पन्नाशीत शिकलो, तेही तो हात गेल्यावर.

आमच्याच फीडरवर अजून तीन ठिकाणी तार ट्रॉलीच्या माथ्याला आली आहे. त्यांचे पोल नंबर या पत्राच्या प्रतीसोबत आपल्या कार्यालयात पाठवले आहेत. दिवाळी झाली की टोळी येईल. यातली पहिली जागा ज्या फडात आहे, तिथे तोड सर्वांत आधी लागणार आहे.

आपला,
कृष्णाकाठचा एक ऊस उत्पादक आणि ट्रॅक्टरमालक