साठीपुढच्या बाया हिशेबात कुठे आहेत?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जनगणनेच्या निमित्ताने स्त्री-पुरुष प्रमाणाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. ती व्हायलाच हवी. पण हजार पुरुषांमागे बायका किती, या एका आकड्यापाशी आपण थांबतो. त्या बायका कोणत्या वयाच्या आहेत, हे कुणी विचारत नाही. पुढच्या वीस वर्षांत महाराष्ट्राला जड जाणार आहे तो हाच प्रश्न, असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

रत्नागिरी जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. राज्याचा आकडा होता ९२९. यावरून कोकणात मुलींना मान आहे, असा अर्थ सर्रास काढला जातो. पण त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुली या दोन्ही जिल्ह्यांत मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. म्हणजे जास्तीच्या दिसतात त्या बायका जन्मामुळे आलेल्या नाहीत. पुरुष गेले आणि त्या उरल्या. चाकरमानी मुंबईला जाण्याची रीत जुनी आहे. पूर्वी पुरुष एकटा जाई, बायको गावी राहून घर आणि शेत बघे आणि महिन्याची मनीऑर्डर येई. आता तरुण जोडपं पोराबाळांसकट जातं आणि गावात राहते ती सासू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली नाही, उलट घटली. ११२२ हा आकडा कौतुकाने छापला जातो, पण त्यात म्हाताऱ्या बायकांचा वाटा किती मोठा आहे, हे त्याच्या शेजारी कुठेच लिहिलेलं नसतं.

कोकणात हे स्थलांतरामुळे आधी दिसलं. बाकीच्या महाराष्ट्रात ते वेगळ्या वाटेने येतं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, १.७ निघाला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाही तो २.१ लागतो. वयाच्या मनोऱ्याचा पाया, म्हणजे लहान मुलांचा वाटा, अरुंद होतो आहे आणि त्यात मुलींची बाजू आपण स्वतःच्या हातांनी आणखी कापली आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८मध्ये, महाराष्ट्राने कायदा केला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१मध्ये ९४६, २००१मध्ये ९१३ आणि २०११मध्ये ८९४ अशा कमी होत गेल्या. बीड जिल्ह्यात तर २०११मध्ये ८०७. त्या काळात जन्मलेल्या मुली आज पंधरा ते तिशीच्या आसपास आहेत. ज्या जन्मूच दिल्या नाहीत, त्यांची पोकळी त्यांच्या वयाबरोबर दर वर्षी एकेक पायरी वर सरकते आहे. आज ती कॉलेजच्या वर्गांत आणि लग्नाच्या बाजारात दिसते. उद्या पाळणाघरात दिसेल आणि त्यानंतर म्हाताऱ्या आईबापांचं करायला कोण, या प्रश्नात दिसेल.

दुसऱ्या टोकाला आयुष्य वाढलं आहे, आणि बायका पुरुषांपेक्षा सरासरीने दोन-तीन वर्षं अधिक जगतात. त्यात आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. ही दोन अंतरं एकत्र केली की शेवटची सहा ते आठ वर्षं एकटीने काढणं हे बहुतेक बायकांच्या वाट्याला ठरल्यासारखं येतं. देशात २०११मध्ये साठीपुढच्या स्त्रिया सुमारे ५.३ कोटी आणि पुरुष ५.१ कोटी होते. एकूण लोकसंख्येत पुरुष जास्त असलेल्या देशात म्हातारपणात मात्र बायका जास्त, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या विधवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचं मोल मला यासाठी मोठं वाटतं. हा प्रश्न मूठभर दुर्दैवी बायकांचा नाही, जगल्या-वाचल्या तर बहुतेक सगळ्यांचाच आहे.

सरकारी यंत्रणेला मात्र बाई दिसते ती आई होण्याच्या वयापुरती. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात स्त्रियांची मुख्य प्रश्नावली १५ ते ४९ वयासाठी आहे. आशाताई आणि अंगणवाडी यांच्या कामाचा मोठा भाग गरोदरपण, बाळंतपण, लसीकरण यांत जातो. तिशीपुढच्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी होऊ लागली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण अंग बाहेर येणं, लघवी न थांबणं, हाडं ठिसूळ होणं ही दुखणी बायका मुलीपाशीही बोलत नाहीत, दवाखान्यात तर नाहीच. ती विचारायला घरी येणारं कुणीतरी हवं.

पैशाचंही तसंच. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४मध्ये आली, महिन्याला १५०० रुपये, वय २१ ते ६५. पासष्टी उलटली की ती थांबते. त्यानंतर पासष्टीपुढच्या गरिबांना दरमहा मदत देणारी श्रावणबाळ योजना आहे, असं सांगितलं जातं. पण लाडकी बहीणसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये, आणि श्रावणबाळसाठी २१ हजार. मधल्या सगळ्या बायकांनी काय करायचं? पासष्टाव्या वर्षी हातपाय थकतात आणि औषधं सुरू होतात, नेमका तेव्हाच हक्काचा एकमेव पैसा बंद होतो. श्रावणबाळची ही मर्यादा अडीच लाखांवर न्यावी आणि पासष्टी पूर्ण होताच नवा अर्ज न करता त्या योजनेत नाव जावं, ही माझी आग्रहाची मागणी आहे. खर्च वाढेल, मान्य आहे. पण सातबाऱ्यावर नाव नाही, पेन्शन नाही, आयुष्यभर शेतात आणि घरात राबून मजुरीची नोंद नाही, अशा बाईकडे दुसरं काय आहे? मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४मध्ये अविवाहित मुलींसाठी आणि केंद्राने २००५मध्ये सर्व मुलींसाठी केली, पण आज सत्तरीत असलेल्या किती जणींनी भावाकडे तो मागितला?

आता जनगणनेबद्दल. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे सोळा वर्षांनी आपल्याला खरे आकडे मिळणार. पण बाईचं वय नीट लिहिलं जाईल का? प्रगणक दारात येतो, मुलगा किंवा नातू पुढे होतो आणि ‘आजीचं वय असेल साठ-पासष्ट’ असं सांगून मोकळा होतो. जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते, आणि शाळेचं तोंडच न पाहिलेल्या बायकांना तर तीही नसते. मग नोंदलेली वयं साठ, पासष्ट, सत्तर अशा शेवटी शून्य किंवा पाच असलेल्या आकड्यांवर गोळा होतात आणि पुढची सगळी गणितं चुकतात. खरं तर आजीलाच विचारलं तर बरंच कळतं. कोयनेच्या भूकंपाच्या वेळी ती केवढी होती, बहात्तरच्या दुष्काळात तिचं लग्न झालं होतं का, थोरला कडेवर होता का, हे तिला पक्कं आठवतं. १९६७ आणि १९७२ या दोन सालांवरूनच तिचं वय एक-दोन वर्षांच्या फरकाने काढता येतं. प्रगणकांच्या प्रशिक्षणात अशा घटनांची जिल्हावार यादी हातात द्यावी, आणि घरातल्यांनीही प्रगणकासमोर आजीला बोलू द्यावं.

आणखी एक. जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात वयानुसार वेगळी मोजलेली असतात ती फक्त सहा वर्षांपर्यंतची मुलं. तिथेच साठीपुढच्या स्त्रियांचा वेगळा रकाना आला, तर आरोग्य उपकेंद्राला आणि ग्रामपंचायतीला आपल्या गावात किती जणींसाठी तयारी करायची, हे कळेल. आकडे आल्यावर आपल्या वृत्तपत्रानेही जिल्ह्याच्या स्त्री-पुरुष प्रमाणाशेजारी सहा वर्षांपर्यंतच्या मुली आणि साठीपुढच्या स्त्रिया यांचे आकडे छापावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक