गावे विलीन करण्याआधी साकुमाचा हिशेब पाहा

प्रति,
मा. नगरविकासमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

पुणे महापालिकेने 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पोटात घेतली. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन 2024 मध्ये पुन्हा बाहेर काढावी लागली. पुढची अधिसूचना निघण्याआधी जपानमधल्या साकुमाचे काय झाले ते पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र.

साकुमा हे शिझुओका प्रांतात तेनर्यू नदीच्या डोंगराळ खोऱ्यातले. 1956 मध्ये तिथे 155.5 मीटर उंचीचे धरण आणि साडेतीन लाख किलोवॉटचे वीजकेंद्र उभे राहिले. त्याच वर्षी साकुमा, उराकावा, यामाका आणि शिरोनिशी एकत्र करून साकुमा नगर झाले. पण नगराला मिळणारा यंत्रसामग्रीवरचा कर घसाऱ्यासोबत वर्षागणिक उतरतो आणि बांधकाम संपले की कामगारही पांगतात. 1 जुलै 2005 रोजी शेजारच्या आणखी दहा नगरे-गावांबरोबर साकुमा हामामात्सु शहरात गेले.

का गेले, हे पैशांत बघा. विलीन होणाऱ्यांना खास कर्जरोखे मिळत. 100 येनच्या कामापैकी 95 येन रोख्यांतून आणि त्या परतफेडीचा 70 टक्के भार केंद्राकडे. म्हणजे शहराच्या खिशातून जेमतेम साडेतेहतीस येन. अशा भावात कोण नाही म्हणेल? शिवाय केंद्राचे अनुदान दहा वर्षे जुनी गावे वेगळीच आहेत असे धरून मोजायचे, म्हणून ते एका शहरापेक्षा जास्त भरायचे. ती मुदत संपली की हा वाढीव हिस्सा पाच वर्षांत 90, 70, 50, 30, 10 टक्के असा उतरवत शून्यावर आणायचा. गोम इथेच आहे: फायदा आधी दिसतो, कात्री नंतर लागते, आणि तोवर गावाला स्वतःचा महापौर आणि सभागृह उरलेले नसते.

विलीन होताना ‘एक शहर, अनेक पद्धती’ असे आश्वासन होते. 2007 मध्ये महापौर बदलले आणि घोषणा झाली ‘एकच हामामात्सु’. त्याच वर्षी केलेले सात प्रभाग 2024 मध्ये तीनवर आले. साकुमा ज्यात आहे तो तेनर्यू प्रभाग शहराच्या निम्म्याहून अधिक जमिनीवर पसरला आहे, पण तिथे माणसे थोडी, म्हणून मतेही थोडी. ‘साकुमा-चो’ हे नाव मात्र टपालाच्या पत्त्यात टिकले आहे.

आपल्याकडे उलटे आहे: तिथे अनुदान पायरीपायरीने उतरते, इथे मालमत्ता कर पायरीपायरीने चढतो. म्हणून अधिसूचनेतच तीन गोष्टी असाव्यात: प्रत्येक सवलत कोणत्या तारखेला संपणार, प्रत्येक वर्षी कर किती चढणार, आणि जुन्या गावाच्या हद्दीत किती जमा झाले व किती खर्चले याचा निदान पंधरा वर्षांचा स्वतंत्र, जाहीर हिशेब.

आपले,
नगररचनेचे काही अभ्यासक