हीटर गुरुवारी येतोय

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "ठाण्यात हीटर? लोक हसतील" म्हणत फोन आईकडे दिला असता, आणि आईने "ते राहू दे, तू कधी येतेस ते सांग" म्हणून विषयच मिटवला असता. म्हणून लिहितेय. हीटर घेतलाय, पैसे भरून झालेत. आणि डिसेंबरात माझं येणं होत नाहीये. रजेचं जमेना. हीटर पाठवून सुटका करून घेतली असं आई म्हणेल. म्हणू दे, थोडं खरंही आहे.

ठाण्यात थंडी नसते, मान्य. पण आपली मागची खोली ठाण्यात नाहीच, ती येऊरच्या जंगलात आहे. समोर टॉवर झाल्यापासून तिथे ऊन शिरत नाही. जानेवारीत पहाटे १५-१६ अंश झाले की फरशीवर पाय ठेववत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंडीत घरात किमान १८ अंश असावेत असं सांगितलंय, वय झालेल्यांना त्याहून जास्त लागू शकतात म्हणे. बाबा, 'वय झालेले' हे त्यांचे शब्द, माझे नाहीत.

खरं कारण तुमचा पाय. गेल्या वर्षी त्या गरम पाण्याच्या पिशवीने टाचेला फोड आला तरी तुम्हाला कळलं नाही, आणि कळल्यावर आठ दिवस मला कुणी सांगितलं नाही. साखरेने पायाची जाणीव कमी झाली की 'चटका बसला की बाजूला घेऊ' हा हिशेब चालत नाही. म्हणून ऊब पायाला नको, खोलीला हवी.

त्यासाठीच लालभडक कांड्यांचा स्वस्त हीटर नाही घेतला. तो समोरचं भाजतो आणि पाठ गारच राहते. पंख्याचा खोली पटकन तापवतो, पण बंद झाला की तितक्याच पटकन गार, आणि त्या घरघरीने आईची झोप गेलीच समजा. हा तेलाचा आहे. तेल आत सीलबंद असतं, ते जळत नाही, भरावं लागत नाही. तापायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो, पण बंद झाल्यावरही बराच वेळ ऊब सोडत राहतो.

बाबा, तुम्ही रविवारी माझा युनिफॉर्म इस्त्री करायचात आणि मी शेजारी बसून इस्त्रीचा 'टक' ऐकायची, आठवतं? आत दोन धातूंची पट्टी, तापली की वाकते, तुम्हीच सांगितलेलं. साध्या हीटरमध्ये तीच पट्टी असते, आणि बटणावर नुसते १ ते ६ आकडे. ३ म्हणजे किती अंश, कुणाला ठाऊक! यात सरळ अंश लावता येतात. आईची विरजणात बुडवायची करंगळी यापेक्षा अचूक आहे, पण ती रात्रभर जागवता येत नाही.

आता ऐका. २२ वर ठेवायचा, वर नाही. हीटर स्वतःजवळची हवा मोजतो, म्हणून पलंगाच्या उशाशी ठेवायला छोटं थर्मामीटरही पाठवलंय. हीटर काही म्हणो, उशाशी २२ झाले की पुरे. पलंगापासून तीन-चार फूट लांब. वॉशिंग मशीनच्या मोठ्या प्लगलाच लावायचा, तो पिवळा एक्स्टेंशन बोर्ड वापरायचा नाही. आई, हीटरवर पंचे वाळत घालायचे नाहीत, मी तुला ओळखते. खिडकी बोटभर उघडी. बिलाचं म्हणाल तर १००० वॉट तासभर अखंड चालला तर १ युनिट, आणि हा मध्ये मध्ये स्वतःच थांबतो. झोपायच्या आधी दोन तास आणि पहाटे दोन तास, त्याला टायमर आहे. मी व्हिडिओवर लावून देईन.

बाबा, मोजे घालून झोपा. सैल, सुती. आणि रोज रात्री आईला तळपाय बघू द्या, लाजू नका.

फेब्रुवारीत येतेय. तिकीट काढलं की कळवते.

तुमची,
छकुली

ता. क. खोकं जड आहे. बाबा, तुम्ही उचलायचं नाही. वॉचमनला सांगा, आणि आई त्याला चहा देईलच.